चालक आज्ञावली, संगणकाची

संगणकाच्या परिचालन प्रणालीला मुद्रक, पडदा, चकती, कळफलक यांसारख्या एखाद्या विशिष्ट उपकरणाशी व्यवहार करता यावा म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीस चालक आज्ञावली किंवा ड्रायव्हर असे म्हणतात. परिचालन प्रणाली ‘हे पान छापावे’ किंवा ‘चकतीवरील अमुक भाग वाचावा’ अशी सर्वसाधारण स्वरूपाची मागणी करते. चालक तिचे त्या उपकरणाच्या मंडलांना समजणाऱ्या संकेतांत रूपांतर करतो आणि उपकरणाकडून आलेले उत्तर प्रणालीकडे पोहोचवितो. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची व निरनिराळ्या रचनेची उपकरणे एकाच प्रणालीखाली वापरता येतात. चालकातील दोष हे संगणक अचानक बंद पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. शब्दसंपादकासारख्या उपयोजन आज्ञावलीतील चूक बहुधा त्या आज्ञावलीपुरतीच मर्यादित राहते. चालकातील तितकीच लहान चूक मात्र संपूर्ण यंत्र बंद पाडू शकते. हा फरक चालकाला दिलेल्या अधिकारामुळे पडतो आणि चालकदोषांचे निदान, दुरुस्ती व प्रतिबंध यांच्या पद्धतीही त्यावरूनच ठरतात.

चालकाचे स्थान व अधिकार : आधुनिक संस्कारक आज्ञा पार पाडताना अधिकाराच्या वेगवेगळ्या पातळ्या मानतो. इंटेल कंपनीच्या ८०२८६ (१९८२) या संस्कारकापासून त्या कुलात शून्य ते तीन अशा चार पातळ्या उपलब्ध झाल्या. विंडोज व लिनक्स या प्रणाली त्यांपैकी मुख्यतः दोनच वापरतात. शून्य पातळीवर परिचालन प्रणालीचा गाभा काम करतो व त्यास संपूर्ण स्मृती आणि सर्व उपकरणे खुली असतात. तिसऱ्या पातळीवर वापरकर्त्याच्या आज्ञावल्या चालतात. या पातळीवरील प्रत्येक आज्ञावलीस स्मृतीचा स्वतंत्र भाग नेमून दिलेला असतो. तिने त्या भागाबाहेर हात घालण्याचा प्रयत्न केल्यास संस्कारक तो नाकारतो, प्रणाली तेवढीच आज्ञावली संपुष्टात आणते आणि बाकीची कामे चालू राहतात.

उपकरणाशी थेट संबंध यावयाचा असल्याने व वेग टिकवावयाचा असल्याने बहुतेक चालक गाभ्याच्या पातळीवर चालविले जातात. गाभा आणि असे सर्व चालक एकच स्मृती वापरतात. त्यांच्यामध्ये भिंत नसते. त्यामुळे ध्वनिकार्डाच्या चालकाने चुकीच्या पत्त्यावर लिहिलेला एखादा अंक चकतीवरील संचिकांची व्यवस्था पाहणाऱ्या भागाची माहिती बिघडवू शकतो. अशी विसंगती गाभ्याच्या लक्षात आली, की तो स्वतःहून सर्व व्यवहार थांबवितो. विंडोज प्रणालीत या वेळी पडद्यावर सूचना झळकते. लिनक्समध्ये अशाच अवस्थेस ‘पॅनिक’ ही संज्ञा आहे. वापरकर्त्यास हे थांबणे हाच बिघाड वाटतो. वस्तुतः बिघाड त्याआधीच झालेला असतो आणि दूषित माहिती चकतीवर लिहिली जाऊन कायमचे नुकसान होऊ नये म्हणून प्रणाली थांबते.

ऐतिहासिक आढावा : वैयक्तिक संगणकांच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक उपयोजन आज्ञावली आपापले मुद्रकचालक बरोबर घेऊन येत असे. एम्एस्-डॉस २·० (१९८३) या आवृत्तीपासून वापरकर्त्यास वेगळे चालक प्रणालीत भरता येऊ लागले. विंडोजमुळे मुद्रक व पडदा यांचे चालक सर्व आज्ञावल्यांना सामाईक झाले. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एन्टी ३·१ या प्रणालीत गाभा व वापरकर्ता या पातळ्या काटेकोरपणे वेगळ्या करण्यात आल्या होत्या आणि घातक दोष आढळताच निळ्या पार्श्वभूमीवर सांकेतिक क्रमांक दाखवून प्रणाली थांबत असे. पुढे हा ‘निळा पडदा’ संगणकाच्या बिघाडाचे प्रतीकच बनला. २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये त्याचा रंग बदलून काळा करण्यात आला.

वेग आणि सुरक्षितता यांतील ओढाताण या इतिहासात वारंवार दिसते. विंडोज एन्टीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत चित्रणाचा मोठा भाग गाभ्याबाहेर ठेवलेला होता. एन्टी ४·० (१९९६) मध्ये वेग वाढावा म्हणून तो गाभ्यात हलविण्यात आला आणि पडद्याच्या चालकातील दोष संपूर्ण प्रणालीस भोवण्याची शक्यता वाढली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना स्कॅनर जोडताच सर्व प्रेक्षकांसमोर निळा पडदा आला. नवे उपकरण जोडण्याचा क्षण किती नाजूक असतो, याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. व्हिस्टा या प्रणालीत (ग्राहकांसाठी २००७) दिशा पुन्हा उलटली. पडद्याच्या चालकाचा बराचसा भाग गाभ्याबाहेर काढण्यात आला आणि चित्रसंस्कारकाने ठराविक वेळेत प्रतिसाद न दिल्यास संपूर्ण यंत्र न थांबविता केवळ तो भाग पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होतो व चालक सावरल्याची सूचना येते, ती या सोयीमुळे.

दोषांचे प्रकार : चालकात होणाऱ्या चुका काही ठराविक प्रकारांत मोडतात व त्यांतील अनेकींचा माग थांबण्याच्या सूचनेतील क्रमांकावरून लागतो. हे क्रमांक षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात.

(१) स्मृतीचा गैरवापर : अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरील माहिती वाचणे, परत केलेली स्मृती पुन्हा वापरणे किंवा नेमून दिलेल्या जागेपलीकडे लिहिणे, हे दोष या गटात येतात. विंडोजमधील ५० या क्रमांकाची सूचना अशा प्रसंगी दिसू शकते.

(२) अग्रक्रमाच्या नियमांचा भंग : उपकरणाला लक्ष हवे असते तेव्हा ते संस्कारकास व्यत्यय-संकेत पाठविते. त्यास उत्तर देताना चालक वरच्या अग्रक्रमावर काम करतो. या अवस्थेत चकतीवर हलविलेली स्मृती परत आणता येत नाही. म्हणून तेथे अशा स्मृतीला स्पर्श न करण्याचा नियम आहे. तो मोडल्यास विंडोजमध्ये डी१ क्रमांकाची सूचना येते. चालकदोषाची ही अगदी नेहमीची खूण आहे.

(३) समकालिकतेचे दोष : एकाच माहितीवर दोन संस्कारक-गाभे एकाच वेळी काम करू लागले आणि त्यांच्यात योग्य कुलूपबंदी नसली, तर निष्पत्ती वेळेच्या सूक्ष्म योगायोगावर अवलंबून राहते. असा दोष चाचणीत शेकडो वेळा लपून राहतो व ग्राहकाकडे अकस्मात प्रकट होतो.

(४) विद्युत् अवस्थांतील संक्रमण : अंकसंगणक निद्रावस्थेत जाताना किंवा तीतून उठताना प्रत्येक चालकाने आपले उपकरण ठराविक वेळेत बंद वा चालू करून तसे कळविणे आवश्यक असते. उत्तर न मिळाल्यास ९एफ ही सूचना येते. झाकण मिटल्यानंतर बंद पडणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे कारण प्रथम तपासले जाते.

(५) प्रतिसादास विलंब : चालकाने संस्कारक प्रमाणाबाहेर अडवून ठेवल्यास १३३, तर चित्रसंस्कारक पुन्हा सुरू करूनही सावरला नाही तर ११६ ही सूचना मिळते.

(६) माहितीवरील अनाठायी विश्वास : उपकरणाकडून किंवा बाहेरील संचिकेतून येणारी माहिती अपेक्षित नमुन्याचीच असेल, असे गृहीत धरून लिहिलेला चालक वेगळी माहिती येताच कोलमडतो.

दोषांचे प्रमाण : २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील अँडी चौ, डॉसन एंगलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या सुमारे सात वर्षांतील आवृत्त्यांची यांत्रिक तपासणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालकांतील दोषांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या मानाने काही प्रकारांत तीन ते सात पटींपर्यंत अधिक आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल स्विफ्ट, ब्रायन बर्शाड व हेन्री लेव्ही यांनी २००३ मधील आपल्या निबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदविल्या गेलेल्या अपयशांपैकी ८५ टक्के चालकांमुळे होतात, असा आकडा दिला आहे. याची कारणे समजण्यासारखी आहेत. लिनक्सच्या मूळ संकेतलेखनात निम्म्याहून अधिक भाग चालकांचा आहे. प्रत्येक चालक थोड्याच लोकांकडून वापरला जातो व त्यामुळे त्याची परीक्षाही कमी होते. शिवाय तो लिहिणारे पुष्कळदा उपकरणाचे तज्ञ असतात, गाभ्याच्या अंतर्गत नियमांचे नव्हेत. यंत्रातील सर्वाधिक अधिकार अशा प्रकारे सर्वांत कमी पारखलेल्या लेखनाच्या हाती जातो. ही स्थिती अटळ मात्र नाही. २०११ मध्ये लिनक्सची पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोषांची संख्या चालकांतच सर्वाधिक असली, तरी त्यांचे प्रमाण इतर काही विभागांच्या खाली आलेले आढळले.

लक्षणे व निदान : चालकदोषाची शंका घेण्यापूर्वी यंत्रसामग्रीचा दोष वगळणे इष्ट असते. सदोष स्मृतिपट्टी, अतितापन किंवा अपुरा वीजपुरवठा यांमुळेही संगणक अशाच रीतीने थांबतो. साधारणतः प्रत्येक वेळी निराळी सूचना येत असेल व बिघाड कोणत्याही कामाशी निगडित नसेल, तर स्मृतीची चाचणी प्रथम घ्यावी. एकच सूचना ठराविक कृतीच्या वेळी, उदा., चित्रफीत पाहताना, बिनतारी जाल जोडताना किंवा यंत्र निद्रावस्थेतून उठताना, पुनःपुन्हा येत असेल, तर चालकाचा संशय बळावतो. हा नियम ढोबळ आहे; तथापि त्यावरून शोधाची दिशा ठरते.

निदानातील सर्वांत उपयुक्त प्रश्न ‘बिघाड सुरू होण्यापूर्वी काय बदलले?’ हा होय. नवे उपकरण, प्रणालीचे अद्यतन, विषाणुरोधक आज्ञावली किंवा आभासी जाल यांची स्थापना अनेकदा उत्तर पुरविते. कारण यांपैकी बहुतेकांबरोबर एखादा चालक येतो. विंडोजमधील विश्वसनीयतेची नोंद ठेवणारे साधन असे बदल व बिघाड दिनांकवार शेजारी शेजारी दाखविते. सूचनेत कधीकधी दोषी संचिकेचे नावही असते. थांबण्यापूर्वी प्रणाली स्मृतीतील मजकुराची एक प्रत चकतीवर जतन करते; तीस ‘डंप’ म्हणतात. विंडोजच्या मुख्य निर्देशिकेतील मिनीडंप या कप्प्यात अशा लहान प्रती साठतात व मायक्रोसॉफ्टच्या विनामूल्य विश्लेषक आज्ञावलीने त्या उघडल्यास थांबण्याच्या क्षणी कोणता चालक कार्यरत होता ते कळते. लिनक्समध्ये हीच माहिती गाभ्याच्या नोंदवहीत सापडते.

या पुराव्याचा अर्थ लावताना सावधगिरी लागते. स्मृती एका चालकाने बिघडविली व ती बिघडलेली स्मृती नंतर दुसऱ्याने वाचली, तर नोंदीत नाव दुसऱ्याचे येते. नोंदीत प्रणालीच्या मूळ गाभ्याचे नाव दिसते तेव्हा बहुधा असेच घडलेले असते. अशा प्रसंगासाठी विंडोज २००० पासून ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन प्रणालीतच उपलब्ध आहे. ते निवडलेल्या चालकांवर कडक पाळत ठेवते आणि नियमभंग होताच, त्याचे परिणाम इतरत्र पसरण्याआधी, यंत्र मुद्दाम थांबविते. यामुळे खरा दोषी हाती लागतो. मात्र यंत्र सुरू होतानाच वारंवार थांबण्याची शक्यता असल्याने हे साधन केवळ संशयित चालकांवर, महत्त्वाच्या संचिकांच्या प्रती काढून ठेवल्यानंतर व ते बंद कसे करावयाचे याची माहिती करून घेऊनच वापरावे.

दुरुस्ती : यंत्र सुरू होत असेल तर उपाय सोपे असतात. विंडोजमधील उपकरण-व्यवस्थापकातून संबंधित चालकाची आधीची आवृत्ती पुन्हा बसविता येते. ही सोय पूर्वीची आवृत्ती चकतीवर शिल्लक असेल तरच मिळते. बिघाड नव्या आवृत्तीनंतर सुरू झाला असेल, तर मागे जावे. पुष्कळ दिवस जुनाच चालक असून प्रणाली नवी झाली असेल, तर उत्पादकाची नवी आवृत्ती घ्यावी. दोन्ही निष्फळ ठरल्यास चालक पूर्णपणे काढून टाकून नव्याने स्थापन करावा. एका वेळी एकच बदल करून यंत्र काही काळ वापरून पाहणे आवश्यक असते. अनेक बदल एकदम केल्यास बिघाड गेला तरी कशाने गेला हे कळत नाही.

यंत्र सुरूच होत नसेल, तर सुरक्षित अवस्थेचा आश्रय घ्यावा लागतो. या अवस्थेत प्रणाली अत्यावश्यक तेवढेच चालक भरते. म्हणून सदोष चालक बाजूला राहतो व तो काढून टाकता येतो. विंडोज ७ पर्यंत प्रारंभी एफ८ कळ दाबून ही अवस्था मिळत असे. विंडोज १० व ११ मध्ये प्रारंभ लागोपाठ अयशस्वी झाल्यास पुनःप्राप्तीचा पडदा आपोआप येतो व त्यातील प्रारंभविषयक पर्यायांतून ती निवडता येते. सुरक्षित अवस्थेत यंत्र व्यवस्थित चालते आणि नेहमीच्या अवस्थेत थांबते, ही गोष्ट स्वतःच चालकदोषाचा सबळ पुरावा आहे. याच पडद्यावरून प्रणाली आधी जतन केलेल्या पुनःस्थापन-बिंदूवर नेता येते किंवा नुकतेच आलेले अद्यतन काढून टाकता येते. लिनक्सच्या अनेक वितरणांत गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवलेल्या असतात. प्रारंभसूचीतून त्यांपैकी एक निवडून यंत्र चालू करावयाचे व सदोष चालक वर्ज्य सूचीत टाकावयाचा, ही तेथील रूढ पद्धत आहे. संपूर्ण प्रणाली नव्याने स्थापन करणे हा अखेरचा उपाय समजला जातो. तोच सदोष चालक पुन्हा भरला गेल्यास त्याचाही उपयोग होत नाही.

जुलै २०२४ मधील घटना : चालकदोषाचे सामाजिक परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीची ‘फाल्कन’ ही संरक्षक आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात चालकाच्या रूपाने काम करते. नव्या धोक्यांची माहिती तिला वेळोवेळी लहान संचिकांतून पुरविली जाते. त्या दिवशी भारतीय प्रमाण वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठविलेल्या २९१ क्रमांकाच्या संचिकेमुळे चालक एकविसावे मूल्य वाचू पाहत होता. त्यास पुरविली जाणारी मूल्ये मात्र वीसच होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असा निकष असल्याने ही विसंगती उघड झाली नव्हती. मर्यादेबाहेरील स्मृती वाचली जाताच यंत्रे थांबली. चालक प्रारंभीच भरला जात असल्याने पुन्हा चालू करताच ती पुन्हा थांबू लागली.

कंपनीने ७८ मिनिटांत संचिका मागे घेतली; परंतु तेवढ्या अवधीत ती स्वीकारलेल्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता, कारण दुरुस्ती स्वीकारण्याइतका वेळही त्यांतील अनेक चालू राहत नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रांवर परिणाम झाला. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहून कमी असले, तरी ती यंत्रे विमानकंपन्या, रुग्णालये, बँका व प्रक्षेपण केंद्रे यांची असल्याने जगभर व्यवहार खोळंबले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली; रिझर्व्ह बँकेने मात्र केवळ दहा बँका व बँकेतर वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे जाहीर केले. उपाय तत्त्वतः सोपा होता: यंत्र सुरक्षित अवस्थेत चालू करावयाचे आणि ती एक संचिका पुसावयाची. परंतु हे काम अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावे लागले. चकती सांकेतिक कुलपाने बंद असल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्लीही लागत होती. या किल्ल्यांची नोंद बंद पडलेल्या यंत्रांतच असलेल्या संस्थांची विशेष कुचंबणा झाली.

या घटनेतील एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. मूळ चालक रीतसर तपासून प्रमाणित केलेला होता. बदलली ती त्याने वाचावयाची माहिती आणि तिला प्रमाणनाची ती प्रक्रिया लागू नव्हती. तसेच ती एकाच वेळी सर्वत्र पाठविली गेली. यानंतर कंपनीने मर्यादातपासणीची भर घातली आणि अशा संचिका टप्प्याटप्प्याने पाठविण्याची व ग्राहकास त्यावर नियंत्रण देण्याची पद्धत स्वीकारली.

प्रतिबंध : वापरकर्त्याच्या दृष्टीने प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. चालक केवळ उपकरणाच्या वा संगणकाच्या उत्पादकाकडून किंवा परिचालन प्रणालीच्या अधिकृत अद्यतनसेवेतून घ्यावेत. सर्व चालक एका क्षणात नवे करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या त्रयस्थ आज्ञावल्या टाळाव्यात. त्या कधीकधी चुकीच्या उपकरणाचा चालक भरतात. सुरळीत चालणारा चालक निष्कारण बदलू नये. सुरक्षिततेसाठी दिलेली दुरुस्ती मात्र लांबणीवर टाकू नये. मोठ्या बदलापूर्वी पुनःस्थापन-बिंदू तयार करावा, पुनःप्राप्तीसाठी वेगळे यूएस्‌बी साधन हाताशी असावे आणि चकतीची किल्ली त्याच यंत्रात न ठेवता कागदावर वा अन्यत्र ठेवावी. महत्त्वाच्या संचिकांच्या प्रती नियमितपणे काढणे हा सर्व प्रकारच्या बिघाडांवरील सामाईक उपाय होय. कार्यालयांत व रुग्णालयांत नवा चालक प्रथम मोजक्या यंत्रांवर काही दिवस वापरून पाहावा व नंतरच सर्वत्र बसवावा. अत्यावश्यक सेवेची सर्व यंत्रे एकाच दिवशी बदलू नयेत.

प्रणालीकर्त्यांचे प्रयत्न तीन दिशांनी झाले आहेत. पहिली दिशा प्रमाणनाची. व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून गाभ्यातील चालकावर अंकीय स्वाक्षरी अनिवार्य झाली व २०१६ पासून विंडोज १० मध्ये नव्या चालकांना मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी लागू लागली. स्वाक्षरीमुळे लेखनाचा उगम व अखंडता यांची खात्री पटते. ते निर्दोष असल्याची हमी मिळत नाही. दुसरी दिशा गणिती पडताळणीची. मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेतील टॉमस बॉल व श्रीराम राजमणी यांनी ‘स्लॅम’ या प्रकल्पात, चालक प्रत्यक्ष न चालविता त्याच्या लेखनावरूनच तो गाभ्याचे नियम पाळतो की नाही हे तपासण्याची पद्धत विकसित केली. तीवर आधारलेले साधन पुढे चालक लिहिणाऱ्यांना पुरविण्यात आले. राजमणी यांनी नंतर बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे व्यवस्थापकीय संचालकपद सांभाळले. स्मृतीच्या गैरवापराच्या अनेक चुका संकलनाच्या वेळीच पकडणाऱ्या रस्ट या भाषेला लिनक्सच्या ६·१ या आवृत्तीत (डिसेंबर २०२२) प्रथम स्थान मिळाले, तेही याच दिशेने.

तिसरी दिशा चालकाचा अधिकारच कमी करण्याची आहे. ॲमस्टरडॅम येथील फ्राये विद्यापीठात अँड्रू टॅनेनबॉम यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या मिनिक्स ३ (२००५) या प्रणालीत प्रत्येक चालक गाभ्याबाहेर स्वतंत्रपणे चालतो व कोलमडल्यास एक देखरेख करणारी आज्ञावली त्यास पुन्हा सुरू करते. २००३ मधील वर उल्लेखिलेल्या निबंधात स्विफ्ट व सहकाऱ्यांनी लिनक्समधील चालकांभोवती स्मृतीचे कुंपण घालून प्रयोग केले. एरवी यंत्र बंद पाडणाऱ्या कृत्रिम दोषांपैकी ९९ टक्के दोषांतून यंत्र त्यामुळे आपोआप सावरले. ॲपल कंपनीने मॅकओएस कॅटालिना (२०१९) या प्रणालीपासून अनेक प्रकारचे चालक गाभ्याबाहेर लिहिण्याची व्यवस्था केली. २०२४ मधील घटनेनंतर मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संरक्षक आज्ञावल्या गाभ्याबाहेर चालविता याव्यात अशी योजना जाहीर केली. सुरू होऊ न शकणाऱ्या यंत्राने पुनःप्राप्तीच्या पडद्यावरूनच जालाशी जोडले जाऊन दुरुस्ती मिळवावी, अशी सोय २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये उपलब्ध झाली.

गाभ्याबाहेर काढलेल्या चालकास प्रत्येक व्यवहारासाठी पातळी ओलांडावी लागते व त्यात वेळ खर्च होतो. मुद्रक किंवा स्कॅनर यांच्या बाबतीत ही किंमत जाणवत नाही. वेगवान चकती, जालकार्ड व चित्रसंस्कारक यांच्या बाबतीत ती मोठी ठरते. म्हणून या उपकरणांच्या चालकांचे महत्त्वाचे भाग प्रचलित प्रणालींत अद्याप गाभ्यातच आहेत. तेथील चूक संपूर्ण यंत्रास भोवण्याची शक्यता असल्याने, प्रत्येक बदलाची नोंद, पूर्वस्थितीकडे परतण्याची सोय आणि सुरक्षित जागी ठेवलेल्या प्रती यांना चालकाच्या गुणवत्तेइतकेच महत्त्व आहे.